दुसऱ्या कोकराचा हुकूम

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम कडेवर महाबळेश्वरी वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, आणि तेथून पूर्वेस सुमारे शंभर किलोमीटरांवर असलेल्या माण तालुक्यात तोच पाऊस पाचशे मिलिमीटरांच्या आतबाहेर घुटमळून निघून जातो. सह्याद्रीच्या या पक्षपाती न्यायामुळे माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ आणि फलटणचा कालव्याबाहेरील भाग असा जो एक विस्तीर्ण, उघडाबोडका, कुसळी गवताचा मुलूख पर्जन्यछायेत शिल्लक राहिला, त्याचे भरवशाचे पीक एकच, आणि ते म्हणजे मेंढी. राज्यकर्त्यांनी या मुलखाचे तुकडे नाना प्रकारे पाडले. फलटण नाईक-निंबाळकरांचे, जत डफळ्यांचे, आटपाडी औंधच्या पंतप्रतिनिधींचे; संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ साली दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. मेंढीला मात्र या सरहद्दी कधीच मंजूर नव्हत्या. दिवाळी उरकली की धनगरांचे वाडे घोड्यांवर बिऱ्हाड लादून, कोणी घाट उतरून कोकणात, तर कोणी उसाच्या पट्ट्यात जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात.

लोणंदच्या बाजारात किंवा आटपाडीच्या कार्तिकी यात्रेत मेंढ्या विकत घेणारा मनुष्य काय काय तपासतो, हे निरखण्यासारखे आहे. तो ओठ वर करून दात पाहतो, कण्यावरून पंजा फिरवून मांसाचा अंदाज घेतो, मेंढी असेल तर कासेला हात लावतो, आणि मेंढा असेल तर त्याच्या उंचीकडे व नाकाकडे पाहतो. जत तालुक्यातील माडग्याळ गावाच्या नावाने ओळखली जाणारी जात तर तिच्या बाकदार नाकासाठीच नावाजलेली आहे. २०२० साली आटपाडी तालुक्यातील अशा एका मेंढ्याला सत्तर लाख रुपयांची मागणी आली आणि मालकाने ती फेटाळली, ही बातमी देशभरच्या वृत्तपत्रांनी हौसेने छापली होती. नाकाला सत्तर लाख! हौसेला मोल नसते हे खरे, आणि त्या मालकाच्या आनंदावर विरजण घालण्याचा प्रस्तुत लेखकाला अधिकार नाही. परंतु बाजाराचा सगळा निवाडा डोळ्यांवर आणि बोटांवर चालत असल्यामुळे मेंढ्याचा जो एक गुण अंगावर कोठेही दिसत नाही, हाताला लागत नाही, आणि तरीही धनगराच्या जमाखर्चात मोठी उलथापालथ करू शकतो, त्याला बाजारात भावच नाही. तो गुण असा की, या मेंढ्याच्या लेकी एका वेताला एक कोकरू देतील की दोन.

हा गुण रक्ताच्या थेंबातून वाचून काढण्याची विद्या फलटण येथे कामी आली, आणि प्रथिने व न्यूक्लिक आम्ले या दोन द्रव्यांचा परस्परसंबंध समजून घ्यावयाचा असेल तर तिच्याइतका जवळचा दाखला आपल्या भागात दुसरा सापडणार नाही.

फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था, इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘नारी’ म्हणून ओळखली जाणारी, १९६८ साली बनबिहारी निंबकर यांनी स्थापन केली. करडई, गोड ज्वारी, सुबाभूळ अशा कोरडवाहू मुलखाला मानवणाऱ्या वनस्पतींवर तेथे काम झाले, आणि १९९० साली संस्थेत पशुसंवर्धनाचा विभाग उघडला, त्याची धुरा निंबकरांच्या कन्या डॉ. चंदा निंबकर यांनी वाहिली. त्यांच्या मातोश्री म्हणजे लेखिका जाई निंबकर, आणि आजी म्हणजे इरावती कर्वे. आजीने महाराष्ट्रातल्या माणसांची डोकी मोजली, नातीने मेंढ्यांची वेते मोजली; दोघींचा प्रश्न मात्र मुळात एकच होता, की पिढ्यान्‌पिढ्या काय उतरत येते आणि ते कशातून उतरते.

नारीपुढचा व्यावहारिक प्रश्न साधा होता. दख्खनी मेंढी, आणि तिचाच लोणंदकडचा प्रकार, ही काटक, चालायला खंबीर, दुष्काळात तग धरणारी. परंतु शंभर वेतांत जुळ्यांची वेते बोटांवर मोजावी लागतात. लोकरीला एके काळी जो भाव होता तो गेला, घोंगडे खांद्यावरून उतरले, आणि धनगराची मिळकत कोकराच्या मांसावर येऊन ठेपली. चराऊ रान आक्रसत असताना कळपातील माद्यांची संख्या वाढविणे शक्य नाही, तर निदान प्रत्येक मादीमागे कोकरे वाढतील काय?

या प्रश्नाचे उत्तर ज्या द्रव्यांत दडलेले होते, त्यांपैकी पहिले जे प्रथिन, त्याच्या परिचयासाठी दूर जाण्याचे कारण नाही. म्हसवडच्या सनगरांनी विणलेले, चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेले काळे घोंगडे पुरेसे आहे. घोंगड्याची लोकर बव्हंशी केराटिन या प्रथिनाची असते. अमिनो आम्ले नावाचे वीस प्रकारचे लहान रेणू एकापुढे एक जोडून निसर्ग लांब साखळ्या तयार करतो, आणि त्या साखळ्या आपल्या घटकांच्या अनुक्रमानुसार दुमडून, पिळवटून विशिष्ट आकार धारण करतात. अनुक्रमावरून आकार ठरतो आणि आकारावरून कार्य. केराटिनमध्ये सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लाचे प्रमाण मोठे असून शेजारशेजारच्या साखळ्यांतील गंधकाचे अणू एकमेकांशी बांधले गेल्यामुळे लोकरीला चिवटपणा येतो, आणि लोकर जळताना जो उग्र वास सुटतो त्यातही या गंधकाचा वाटा असतो. रक्तातील हिमोग्लोबिन, दुधातील केसीन, स्नायूतील मायोसिन, जठरातील पाचक विकरे ही सारी त्याच वीस घटकांची निरनिराळी जुळणी आहे.

मेंढीच्या लोकरीचे शास्त्रावर जे उपकार आहेत ते सहसा कोणी सांगत नाही. इंग्लंडात लीड्स हे लोकरीच्या गिरण्यांचे शहर. तेथे विल्यम अ‍ॅस्टबरी यांनी १९३० नंतरच्या दशकात लोकरीच्या तंतूंवर क्ष-किरण सोडून प्रथिनांच्या साखळ्यांची अंतर्रचना शोधण्यास आरंभ केला, आणि त्यांच्याच प्रयोगशाळेत फ्लॉरेन्स बेल यांच्या साहाय्याने १९३८ साली डीएनएचीही आरंभीची क्ष-किरणचित्रे निघाली. त्याच शहरातील लोकर-उद्योगाच्या संशोधनसंस्थेत आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज हे लोकरीतील अमिनो आम्ले सुटी करण्याच्या खटपटीत होते. त्या खटपटीतून १९४१ साली विभाजन-क्रोमॅटोग्राफीची जी पद्धती निघाली तिने रसायनशास्त्राचा चेहरामोहरा बदलला आणि १९५२ चे नोबेल पारितोषिक त्या दोघांना मिळाले. गिरणीमालकांना बहुधा चांगले सूत हवे होते. हाती आले ते जीवद्रव्याचे व्याकरण.

आता दुसरे द्रव्य. संस्थानी दफ्तराची शिस्त ज्यांच्या ऐकिवात आहे त्यांना न्यूक्लिक आम्लांचा कारभार समजावयास अडचण पडू नये. मूळ दस्तऐवज दफ्तरखान्याबाहेर जात नसे. ज्या कलमाची जरूर असेल तेवढ्याची बरहुकूम नक्कल कारकून करून देई, नक्कल अंमलदाराकडे जाई, अंमलबजावणी झाली की नकलेचे काम संपे आणि मूळ कागद जेथल्या तेथे राही. पेशीच्या केंद्रकातील डीएनए हे ते मूळ दफ्तर होय. त्याची लिपी चार अक्षरांची आहे: ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन, म्हणजे ए, टी, जी, सी. दोन समांतर ओळी समोरासमोर असून ए समोर नेहमी टी आणि जी समोर नेहमी सी येत असल्यामुळे एक ओळ हाती असली की दुसरी लिहिता येते, आणि पेशी दुभंगताना दफ्तराच्या दोन प्रती निघतात त्या याच सोयीमुळे. मेंढीचे हे दफ्तर चोपन्न गुणसूत्रांत बांधलेले असून त्याच्या एका संचात अडीचशे ते तीनशे कोटी अक्षरे आहेत. त्यातील हव्या त्या कलमाची नक्कल आरएनए या दुसऱ्या न्यूक्लिक आम्लात होते, ती केंद्रकाबाहेर रायबोसोम नावाच्या कारखान्यात जाते, आणि तेथे तीन-तीन अक्षरांचा एकेक शब्द वाचून त्याबरहुकूम एकेक अमिनो आम्ल साखळीस जोडले जाते. चार अक्षरांचे त्र्यक्षरी शब्द चौसष्ट; पैकी एकसष्ट अमिनो आम्लांचे आणि तीन ‘येथे थांबा’ असे सांगणारे. या शब्दांचा कोश लावण्याच्या कार्यात ज्यांचा मोठा वाटा होता ते हरगोविंद खुराना पंजाबातील एका खेड्यातले, आणि त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६८ साली, म्हणजे फलटणला नारीची स्थापना झाली त्याच वर्षी.

फलटणचा प्रश्न कोकरांचा होता, आणि त्याच्या उत्तराचा एक धागा ऑस्ट्रेलियात होता. न्यू साउथ वेल्समध्ये कूमा गावाजवळ सीअर्स बंधूंच्या ‘बुरुला’ नावाच्या मेंढवाड्यात मेरिनो जातीच्या काही मेंढ्या तीन-तीन, चार-चार कोकरे देत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्या कळपातील जनावरे सरकारी संशोधनसंस्थेकडे आली आणि हेलन न्यूटन टर्नर यांच्या देखरेखीखाली त्यांच्या वेतांच्या नोंदी सुरू झाल्या. पुढील वीस-पंचवीस वर्षांच्या नोंदींवरून संशोधकांनी असे अनुमान बांधले की, हा गुण अनेक लहानसहान कारणांची बेरीज नसून एकाच जनुकाचा आहे. त्याला ‘फेकबी’ असे सांकेतिक नाव पडले. ते जनुक नेमके कोणते याचा छडा २००१ साली न्यूझीलंड, फ्रान्स आणि ब्रिटन येथील तीन गटांनी स्वतंत्रपणे लावला.

परंतु मेरिनोत हा गुण आला कोठून? ऑस्ट्रेलियाच्या वसाहतीस आरंभ झाल्यानंतर थोड्याच वर्षांत, १७९२-९३ मध्ये, कलकत्त्याहून बंगाली मेंढ्या जहाजांनी तेथे नेल्या गेल्याची नोंद आहे; आणि सुंदरबनच्या दलदलीत, गुडघाभर चिखलात उभी राहून चरणारी गारोळ ही बारा-चौदा किलो वजनाची चिमुकली मेंढी जुळ्यातिळ्यांसाठी प्रसिद्ध. संशय जुना होता. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत बुरुला आणि गारोळ या दोहोंच्या डीएनएत त्याच जागी तोच फरक आढळला, आणि दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या जहाजी मालाची एक प्रकारे रुजवात पटली.

तो फरक म्हणजे एक अक्षर. बीएमपीआर-१बी या जनुकाच्या लेखातील ७४६ व्या स्थानी ए च्या जागी जी. त्यामुळे एका त्र्यक्षरी शब्दाचे मधले अक्षर बदलते, आणि त्या शब्दावरून घडणाऱ्या ५०२ अमिनो आम्लांच्या प्रथिनात २४९ व्या जागी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन येऊन बसते. ग्लुटामिन विद्युद्दृष्ट्या उदासीन, आर्जिनिन धनभारित. बाकीच्या ५०१ जागा जशाच्या तशा. हे प्रथिन बीजांडाभोवतीच्या पेशींच्या पटलावर पहारेकऱ्याच्या जागी असते: बाहेरून येणारे रासायनिक निरोप स्वीकारायचे आणि बीजपुटिकांच्या वाढीला आवर घालणारी सूचना आत पोचवायची. आर्जिनिन आल्याने हा आवर काहीसा ढिला पडतो, बीजपुटिका लहान आकाराच्या असतानाच पक्व होतात, आणि एका ऋतुचक्रात एकाऐवजी दोन किंवा अधिक बीजे सुटतात. आकाराने, रंगाने, नाकाने मेंढीत काही फरक पडत नाही.

फलटणच्या लोकांना गारोळमधले हे एवढेच अक्षर हवे होते. तिची ठेंगणी काठी आणि संथ वाढ नको होती. त्याचा मार्ग संकराचा. गारोळ मेंढ्याचा दख्खनी मादीशी संयोग, त्यांच्या संततीचा पुन्हा दख्खनीशी, पुन्हा दख्खनीशी. दर पिढीस गारोळचा हिस्सा निम्म्याने घटतो, अर्ध्याचा पाव, पावाचा अर्धपाव. या संकरात कर्नाटकातील बन्नूर जातीचेही रक्त घेतले, आणि पुढे इस्राएलमधील आवासी जातीचेही. अडचण अशी की दर पिढीत जसा नको असलेला हिस्सा घटतो, तसे हवे असलेले अक्षरही निम्म्या पिलांच्या वाट्याला येत नाही. ते कोणाच्या वाट्याला आले हे ओळखावे कसे? मादी विण्याची वाट पाहावी तर वर्षे जातात. मेंढ्याचे तर काय, त्याला बीजकोशच नाही. तो ते अक्षर घेऊन आयुष्यभर मुकाट हिंडेल आणि त्याच्या लेकी वयात येऊन व्याल्यावर सत्य बाहेर येईल.

म्हणून २००१ चा शोध फलटणला अगदी वेळेवर लाभला. ऑस्ट्रेलियाच्या आंतरराष्ट्रीय कृषी-संशोधन केंद्राचे साहाय्य, तेथील न्यू इंग्लंड व मेलबर्न विद्यापीठांचे सहकार्य आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डीएनए-परीक्षण अशी त्रिस्थळी यात्रा जुळून आली. परीक्षणाची रीत मोठी कौतुकास्पद आहे. कोकराच्या रक्तातील पांढऱ्या पेशींतून डीएनए काढायचा (तांबड्या पेशींना सस्तन प्राण्यांत केंद्रकच नसते), त्यातील बीएमपीआर-१बी जनुकाचा १९० अक्षरांचा तुकडा निवडून त्याच्या कोट्यवधी प्रती करायच्या, आणि मग ‘अ‍ॅव्हा-२’ नावाचे विकर त्यावर सोडायचे. हे विकर एका ठरावीक अक्षरक्रमावरच कात्री चालवते, आणि परीक्षकांनी रचना अशी करून ठेवलेली असते की, तो क्रम पुरा होतो तो जी हे अक्षर असेल तरच. जी असेल तर तुकडा १६० आणि ३० असा दुभंगतो, नसेल तर १९० चा १९० राहतो. जेलीच्या पट्टीवर नुसता १९० दिसला तर कोकरू रिकामे. १९० आणि १६० दोन्ही दिसले तर आईबापांपैकी एकाकडून अक्षर मिळालेले. १९० नाहीच, तर दोघांकडून. यात प्रती काढणारे विकर आणि कापणारे विकर ही दोन्ही प्रथिनेच आहेत. प्रथिनांचा नकाशा न्यूक्लिक आम्लांत, आणि न्यूक्लिक आम्लांची नक्कल व वाचन प्रथिनांच्या हातून. यांत आधी कोण, या प्रश्नावर जीवोत्पत्तीचे अभ्यासक अजून डोके खाजवीत आहेत.

या उद्योगातून जो वाण निघाला त्याला ‘नारी सुवर्णा’ असे नाव दिले गेले. अक्षराची एक प्रत असलेल्या मेंढीला एका वेतात सरासरी दीडच्या घरात जिवंत कोकरे होतात, प्रत नसलेलीला सरासरी एकच. दोन प्रती असल्या तर दुपटीने वाढ होते असे मात्र नाही. थोडीच भर पडते, आणि ती भर बव्हंशी तिळ्यांच्या रूपाने पडते, जी माणदेशात कोणालाच नको असतात.

येथवरची हकीकत ऐकून उत्साही वाचकाला असे वाटेल की अक्षर पालटले, काम फत्ते झाले. प्रस्तुत लेखकाला या प्रकरणात सर्वांत विचार करायला लावणारी बाजू नेमकी येथून पुढे दिसते, आणि जनुकांविषयी आपल्याकडे जे भाबडे बोलले-लिहिले जाते त्यात तीच गाळलेली असते. न्यूक्लिक आम्ल हुकूम देते. ऐवज देत नाही. दुसऱ्या कोकराचा हुकूम सुटला म्हणून त्या कोकराच्या हाडामांसाला लागणारे प्रथिन कोठून यावयाचे? मेंढीच्या दुधात साडेपाच टक्क्यांच्या आसपास प्रथिन असते, गाईच्या दुधाच्या जवळजवळ दीडपट. पण दख्खनी मेंढीचे एकूण दूध एका कोकरापुरते बेताचे. प्रथिनात साधारण सोळा टक्के नत्र असते, आणि हवेत नत्राचा अमाप साठा असूनही त्यातला कणभरही मेंढीला थेट घेता येत नाही. तो चाऱ्यातूनच आला पाहिजे. निसर्गाने रवंथ करणाऱ्यांवर एक मेहेरनजर केलेली आहे: मेंढीच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात असंख्य सूक्ष्मजीव नांदतात, ते निकृष्ट चाऱ्यातील तुटपुंज्या नत्रापासूनही स्वतःची प्रथिने घडवतात, आणि पुढच्या कप्प्यात मेंढी त्या सूक्ष्मजीवांनाच पचवून टाकते. शाकाहारी म्हणून जिची ख्याती, ती या हिशोबाने रोज कोट्यवधी जीव फस्त करते. पण त्या सूक्ष्मजीवांनाही काही नत्र लागतोच. वाळल्या कुसळावर आणि ज्वारीच्या कडब्यावर, ज्यात प्रथिन तीन-चार टक्के, दोन कोकरांचे दूध निघत नाही.

फलटणच्या कालव्याच्या पट्ट्यात उसाचे वाढे मिळते, पण त्यातही प्रथिन थोडे. खरा आधार शेंगावर्गीय झाडांचा, ज्यांच्या मुळांवरील जीवाणू हवेतला नत्र बांधून घेतात: शेवरी, बाभळीच्या शेंगा, आणि नारीने ज्याचा पुरस्कार केला ते सुबाभूळ. सुबाभळीच्या वाळल्या पाल्यात वीस टक्क्यांहून अधिक प्रथिन असते. त्यातही खोच आहेच; त्या पाल्यात मिमोसिन नावाचे एक अमिनो आम्ल असते, जे विसांच्या पंक्तीतले नव्हे, आणि ते जास्त पोटात गेले की मेंढीची लोकर गळू लागते. केराटिनच्या कारखान्यावर हा थेट हल्ला होय. धनगराला रसायन ठाऊक नसेल, पण नुसत्या सुबाभळीवर जनावर सोडू नये हे अनुभवाने कळते.

वाड्यावरच्या धनगराचा जुळ्यांविषयीचा जुना कल पाहिला तर त्यात हाच हिशोब आढळतो. जो कळप रोज आठ-दहा किलोमीटर चालतो, रात्री वाघरीत कोंडला जातो किंवा खतासाठी कोणाच्या शेतात बसतो, त्यात एक दणकट कोकरू दोन किरट्यांपेक्षा बरे. वाटेत जन्मलेली पिले घोड्यावर लादून न्यावी लागतात आणि घोड्याच्या पाठीवर भांडीकुंडी, कोंबड्या आणि लेकरे आधीच असतात. उलट ज्याला वस्तीजवळ पाण्याखालची चार गुंठे जमीन आहे, विणीच्या वेळी मेंढीला मूठभर पेंड घालण्याची आणि दुबळ्या कोकराला वरचे दूध पाजण्याची ज्याच्या घरातील बायकांना फुरसत आहे, त्याला दुसरे कोकरू म्हणजे निव्वळ नफा. तेच अक्षर एका घरी वर आणि दुसऱ्या घरी भार ठरते. वाण सुधारणेच्या कित्येक सरकारी योजनांनी ही गोष्ट ध्यानात न घेता परदेशी मेंढे वाटले आणि पदरी निराशा घेतली, हे दख्खनच्या मेंढीचा इतिहास जाणणाऱ्यास सांगावयास नको. फलटणच्या कामाचे श्रेय असे की त्यांनी मेंढ्या धनगरांच्याच कळपांत सोडून, तेथल्याच चाऱ्यावर, तेथल्याच हातांनी राखलेल्या असताना मोजमाप केले, आणि एक प्रत असलेली मेंढी या मुलखाला पुरे असा निष्कर्ष काढला.

एक प्रत असलेल्या मेंढ्या हव्या तर मेंढा दोन प्रतींचा घ्यावा, हे त्यामागचे सरळ गणित; त्याच्या साध्या दख्खनी माद्यांपासून होणाऱ्या प्रत्येक लेकीला त्याच्याकडून एक प्रत मिळतेच. पण त्या लेकींना पुन्हा कळपातला साधा मेंढा लावला की पुढील पिढीत निम्म्याच लेकी अक्षर घेऊन येतात, त्यापुढील पिढीत चौथाई, आणि पाच-सहा पिढ्यांत ते इतके विरळ होते की जुळी पुन्हा नवलाईची होतात. भावाबहिणींचा मेळ होऊ दिला तर उलट दोन प्रतींच्या आणि तिळ्यांच्या माद्या वाढतात. यास्तव कोकराच्या कानात बिल्ला, वहीत वेताची नोंद, आणि दर पिढीच्या मेंढ्यांचा रक्ताचा नमुना प्रयोगशाळेकडे, या तीन गोष्टी चालू राहिल्या पाहिजेत. बिल्ला आणि वही वाड्यावर निभावते. रक्ताच्या तपासणीसाठी मात्र धनगराला अद्याप संस्थेवरच विसंबून राहावे लागते, आणि शासनाचे मेंढी-प्रक्षेत्र माणमध्ये दहिवडीला व सांगलीकडे रांजणीला असताना ही सोय तेथवर नेता येणार नाही असे शास्त्रात कोठेही लिहिलेले नाही.